नियम एक, देश अनेक

अनेक देशांत शाखा असलेल्या कंपनीनें स्त्रियांना समान संधि देण्याचा नियम एकदां ठरविला, कीं तो सर्वत्र सारखाच फळ देईल, असा पुष्कळांचा समज असतो. व्यवहारांत तसें घडत नाहीं. कारण नियम एक असला, तरी त्याचा भार प्रत्येक देशांत निराळ्या खांद्यांवर पडतो.

प्रसूतीच्या रजेचेंच उदाहरण घ्या. भारतांत २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांपुरती ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. हेतु स्तुत्य खरा. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरील नोकरींत रजेचा पगार मालकानेंच द्यावयाचा असतो. साहजिकच तरुण स्त्रीची नेमणूक करतांना हिशेबी मालकाचा हात आखडतो. रक्षणासाठीं केलेला कायदाच असा दारांत आडवा येतो!

स्वीडनमध्यें आईबापांना मिळून ४८० दिवसांचा भत्ता सामाजिक विम्यांतून मिळतो. त्यांपैकीं ९० दिवस प्रत्येकाचे स्वतःचे. ते दुसऱ्यास देतां येत नाहींत. बापही रजा घेतो, म्हणून नेमणुकीच्या वेळीं केवळ स्त्रीकडेच संशयानें पाहण्याचें कारण कमी होतें.

तात्पर्य, समतेचें तत्त्व सर्व देशांत एकच असावें. साधनें मात्र स्थळ पाहून निवडावीं. भारतांतील शाखेनें बापालाही पगारी रजा द्यावी, पाळणाघर केवळ कागदावर ठेवूं नये. आणि किती स्त्रिया नेमल्या एवढेंच न मोजतां, प्रसूतीनंतर किती जणी कामावर परतल्या व टिकल्या, हेंही मोजावें. खरी कसोटी तीच होय.