रद्दीत जाण्याआधी





आमच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना १९४४ साली पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. मला मात्र त्याच कैदेतली मौलाना आझादांची पत्रं अधिक जवळची वाटतात. हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्याला ते लिहीत होते, पण ती पत्रं तुरुंगातून बाहेर जाण्याची सोय नव्हती. पहाटेचा चहा, खोलीतल्या चिमण्या, पत्नी गेल्याची बातमी, सगळं त्यांत उतरलं. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती छापली गेली.

मौलानांचे कागद कुणीही जपेल. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड मुकादमाची वही कोण जपणार? दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेल्या जोडीने उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, दुखण्याखुपण्याला मध्येच किती पैसे नेले, ते तिच्यात मांडलेलं असतं. साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल छापून निघतात. तोडणाऱ्याच्या वर्षाचा लेखी माग बहुतेक वेळा त्या वहीतच. तीही मुकादमाच्या हातची, तोडणाऱ्याचा नुसता अंगठा. म्हणून ती जपून वाचावी लागते, आकड्यांवर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. पण वहीच राहिली नाही, तर तपासायचं तरी काय? आता हे व्यवहार मोबाइलवर जाऊ लागलेत. फोन बिघडला की हिशेबही गेला.

आपल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद पाहायला मिळतात, ते कुणीतरी वेळीच सांभाळले म्हणून. घराघरांतले तसेच कागद मात्र वाचता येत नाहीत एवढ्याच कारणाने दिवाळीच्या आवराआवरीत किलोवर विकले जातात. पणजोबांची मोडी आपल्याला लागत नाही. उद्या आईच्या आंतरदेशीय पत्रातलं देवनागरी अक्षरही नातवंडांना लागणार नाही, याची मला खरोखर भीती वाटते.

तेव्हा एक कळकळीची विनंती. घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी उघडा. पत्रं, रोजमेळ, उधारीच्या चोपड्या, लग्नातल्या आहेराच्या याद्या, काहीच क्षुल्लक समजू नका. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि कौतुकापोटी लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते पुन्हा निघत नाही, कागद मात्र जातो. कुणी कुणाला लिहिलं, गाव कुठलं, साल अंदाजे कोणतं, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून पाठीमागे कोपऱ्यात पेन्सिलीने नोंदवा. कर्जाच्या चिठ्ठ्या आणि भाऊबंदकीची पत्रंही ठेवा. ती कुणाला दाखवायची, हे घरच्यांनी ठरवावं.

ज्यांनी आज कागद सोबत आणलेत, त्यांच्यासाठी या परिषदेच्या मंडपाच्या दाराशी स्वयंसेवक बसले आहेत. ते तुमच्यासमोर छायाचित्र घेतील आणि मूळ कागद लगेच तुमच्या हाती देतील.