तुंबलंय नेमकं कुठे?

आजचा विषय जेवताना ऐकण्यासारखा नाही, पण प्रत्येक घराचा आहे. मोरी तुंबली तर अडथळा कुठे आहे, हे प्लंबरला फोन करण्याआधी आपलं आपल्याला कसं ओळखता येईल?

मी म्हैसूरहून बोलतोय. हे शहर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ७३ शहरांत पहिलं आलं. त्याची मुळं जुनी आहेत. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, तसा इथे १९०३ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड झाला. पण शहर कितीही स्वच्छ असलं, तरी मोरी तुंबायची ती तुंबतेच. भुयारी गटाराला इथे ‘युजीडी’ म्हणतात, तुमच्याकडे ड्रेनेज म्हणत असतील. नाव काहीही असो, पाणी उताराने जातं आणि जिथे अडतं तिथून मागे येतं. आजचं सगळं निदान या एका वाक्यावर उभं आहे.

आधी पाण्याचा रस्ता बघू. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. नावातच आपली न्हाणी आहे, आणि देशभरचे प्लंबर हाच शब्द वापरतात. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठलेलं असतं. ते पाणी म्हणजे गटारातला वायू अडवणारा दरवाजा. पुढे घराबाहेर गली ट्रॅप, मग चेंबर, एकापुढे एक चेंबर, आणि शेवटी रस्त्याखालची पालिकेची लाइन.

आता स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला : एकच जागा तुंबली आहे की अनेक? फक्त स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं असेल, बाकी सगळं वाहत असेल, तर अडथळा सिंकच्याच पाइपात आहे. तेल, तूप, डोशाचं पीठ, कॉफीचा चोथा हे थंड होऊन पाइपाला आतून चिकटतं. सिंकखालची बाटलीसारखी ट्रॅप खाली बादली ठेवून उघडा आणि साफ करा. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

दुसरा : एकीकडे पाणी सोडलं की दुसरीकडे काही होतं का? फ्लश केल्यावर न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येतं किंवा गुडगुड आवाज येतो, तर अडथळा दोघांच्या सामाईक पाइपात आहे. पाणी सगळ्यात आधी सर्वांत खालच्या तोंडातून वर येतं. म्हणून इमारतीत तळमजल्यावरचे लोक सगळ्यात आधी तक्रार करतात. दोष त्यांच्या घरात नसतो, वरच्यांचं पाणी त्यांच्याकडे येत असतं. सोसायटीतली निम्मी भांडणं एवढं कळलं तर मिटतील.

तिसरा : घरात कुणीही नळ उघडलेला नसताना पाणी चढतं का? तसं असेल, आणि शेजाऱ्यांकडेही तेच असेल, तर लाइन रस्त्यावर तुंबली आहे. फक्त पावसातच असं होत असेल, तर पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनीत शिरतंय. कुणीतरी गच्चीचा किंवा अंगणाचा पाइप तिला जोडलेला असतो. आधी आपलाच बघा.

यानंतर पक्की खूण बघायची, ती चेंबरची. हत्याराने झाकण सरकवा, मुलांना लांब ठेवा, आत वाकू नका, काडी पेटवू नका. घरात एक बादली पाणी ओतायला सांगा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला. कोरडं असेल आणि घरातलं पाणी पोचतच नसेल, तर अडथळा मागे, घराच्या बाजूला. चेंबर अनेक असतील तर शेवटचं भरलेलं आणि पहिलं रिकामं, या दोघांमधला तुकडाच धरायचा. फौजेत टेहळणीशिवाय कुमक हलवत नाहीत, तसंच हे आहे. अख्खं अंगण खणायची गरज राहत नाही.

नुसता वास येतो, पाणी मात्र नीट जातं, असंही होतं. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. एक बादली पाणी ओता. आणि एक कडक सूचना : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

आता खरं महत्त्वाचं. अडथळा कुठे आहे हे कळलं नाही की माणसं घाई करतात, आणि ‘दोनशे रुपये जास्त घे, पण आत उतर’ असं कुणाला तरी सांगतात. गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरलेल्याला वाटतं, हवा साफ आहे. पहिला पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही पडतो.

२०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ठेकेदारालाच नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण गेलेला माणूस परत येत नाही.

तेव्हा अडथळा घरात असेल तर प्लंबर बोलवा. चेंबरपुढे असेल तर पालिकेकडे किंवा १४४२० या हेल्पलाइनवर तक्रार करा, जेटिंगची गाडी मागवा. गाडीला एक दिवस लागला तर तो दिवस बादलीने काढा. एका दिवसाच्या गैरसोयीपायी कुणाचं लेकरू खाली पाठवू नका. येत्या रविवारी आपल्या घराची चेंबरं मोजून कागदावर नकाशा काढा, आणि तो मीटरच्या पेटीत ठेवा.