'इलेक्ट्रिफिकेशन' कसे म्हणावे?
(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



मी डिप्लोमावाला रेल्वेचा माणूस, भाषेचा पंडित नव्हे. पण 25,000 व्होल्टच्या तारेवर ब्लॉक घेऊन बेधडक काम करणारे आमचे सहकारी साहेबांसमोर 'इलेक्ट्रिफिकेशन' म्हणताना आवाज खाली नेतात, आणि त्यांचे काम जाणणारा कुणी उरत नाही. घरी इंग्रजी शाळेतली मुले हसतात ते वेगळेच.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. मनाचे श्लोक म्हणताना जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू होते, हे आपण लहानपणी शिकलो. का होते? कारण जोडाक्षराचा पहिला व्यंजन उच्चारात मागच्या अक्षराला चिकटतो. तेच इथे करा: लिहिताना 'ले' आणि 'क्ट्रि', बोलताना 'लेक्' आणि 'ट्रि'. आरतीसारखी टाळी वाजवत म्हणा, इ-लेक्-ट्रि-फि-के-शन. सहा टाळ्या. लिहिताना अक्षरे सात दिसतात, पण शेवटच्या 'न'ला स्वतंत्र टाळी नाही.

मुलांच्या डिक्शनरीत मात्र याचे पाचच तुकडे सापडतील. घाबरू नका. ओळ संपली तर शब्द कुठे तोडावा, यासाठी ते ठिपके असतात आणि सुरुवातीचा एकटा 'इ' ओळीच्या शेवटी लटकत ठेवत नाहीत. उच्चार त्याच्या पुढे कंसात दिलेला असतो, तो पाहावा.

खरी मेख जोराची आहे. आपण मराठी माणसे सगळी अक्षरे सारख्या वजनाने टाकतो. इंग्रजीत एकावर जोर, बाकीची दबकी. शिवाय हा जोर जागा बदलतो! 'इलेक्ट्रिक'मध्ये 'लेक्'वर, 'इलेक्ट्रिसिटी'त 'ट्रि'वर, 'इलेक्ट्रिफिकेशन'मध्ये 'के'वर. शेवटी 'शन' असेल तर जोर त्याच्या लगेच आधी, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

आपले हिंदी भाषिक मित्र 'इस्टेशन' म्हणतात, छत्तीसगढी माणूस 'टेसन' आणि आपली आजी 'ठेसन'. कृपया हसू नका. सुरुवातीचे जोडाक्षर जड जाते, म्हणून कुणी आधी स्वर लावतो, कुणी 'स' गाळतो. स्पॅनिश बोलणारे बहुतेक लोकही स्टेशनला 'एस्तासिऑन'च म्हणतात, त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही.

आता सगळ्यांनी 'टेलिकम्युनिकेशन' म्हणा पाहू. टे-लि-क-म्यु-नि-के-शन, सात टाळ्या, मोठी 'के'ला.