पाकिटावरचा डाग

एका पावसाळ्यात दुधनीला आईला लघवीची नळी बसवायची वेळ आली. सिस्टरनं पाकीट हातात घेतलं, तेव्हा त्याच्या कागदी बाजूवर मला रुपयाएवढा पिवळसर डाग दिसला. पाणी लागून वाळल्याचा. मी म्हटलं, "सिस्टर, हे नको. दुसरं घ्या."

"आतली नळी कोरडी आहे दादा. तारीखही पुढची आहे."

आई खाटेवरून म्हणाली, "उगीच काहीतरी काढू नकोस. त्यांना कळतं."

माझं कामच अशी पाकिटं तपासण्याचं. आतली वस्तू बहुधा पाकीट बंद केल्यावरच निर्जंतुक करतात. इथिलीन ऑक्साइड वायू वापरला, तर तो कागदातून आत शिरतो, जंतू मारतो आणि त्याच वाटेनं बाहेर पडतो. वायूला वाट देणारा हा कागद जंतूला मात्र अडवतो. तंतूंच्या वेड्यावाकड्या वाटांत तो अडकून पडतो. पण हे कागद कोरडा असेपर्यंतच. ओल आरपार गेली, की तिच्याबरोबर जंतूही जातात. कागद वाळतो, आत गेलेले जंतू तिथंच राहू शकतात. पाकिटावर छत्रीचं चित्र असतं ते त्यासाठी.

तपासणी कशी करतात ते ऐकलंत तर हसाल. पाकिटाला भोक पाडून आत हवा भरायची, ते पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडे बघायचे. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब फिरवतो, तेच हे. साधारण पाव मिलिमीटरचं छिद्र यात सापडतं. कडेच्या चिकटपट्टीसाठी आत निळा रंग सोडतात. केसाहून बारीक वाट असली तरी रंग त्यातून धावतो. मात्र काही सेकंदांत पाहून घ्यावं लागतं, नाहीतर कागदच रंग पिऊन निळा होतो. (माझी बोटंही. लग्नकार्यात ती लपवावी लागतात.) मुदत ठरवायला पाकिटं ५५ अंशांच्या कपाटात ठेवतात, तिथले ४६ दिवस म्हणजे २५ अंशांतलं साधारण एक वर्ष धरतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली ठेवलेल्या खोक्यांची मला काळजी वाटते.

अडचण अशी, की या चाचण्यांत पाकीट खराब होतं. तपासलेलं विकता येत नाही. तुमच्या हाती येतं ते न तपासलेलं. परीक्षा झालेली असते ती त्याच्या भावंडांची. पुढे ट्रक, गोदाम, गळकं छप्पर. छापलेली तारीख पाकीट शाबूत आणि कोरडं राहिलं तरच खरी.

सिस्टरना मी एवढं सगळं सांगितलं. त्यांच्याकडे त्या मापाची ती एकच नळी होती. भाचा मोटरसायकलवर अक्कलकोटला गेला. आईच्या पोटाला तडस लागलेली. दीड तास ती कण्हत होती आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मलाही वाटून गेलं, की तीच नळी घातली असती तर कदाचित काही झालंही नसतं.

भाचा परत आला. सिस्टरनं नवं पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, चारी कडांवरून बोट फिरवलं आणि मग सोललं.