तिथी विचारून निघा

लागून सुट्ट्या आल्या की आमच्याकडे फोन वाजायला लागतो. आम्ही पडलो अलिबाग तालुक्यातले, त्यामुळे ओळखीपाळखीचे सगळे हक्कानं विचारतात. "गाडी काढतोय. अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंत किनाऱ्या-किनाऱ्यानं जायचंय. कुठे कुठे थांबू?" मी उलट विचारतो, "निघताय कोणत्या तिथीला?" पलीकडे क्षणभर शांतता. मग एखादे काका म्हणतात, "अहो, सहलीला निघालोय, साखरपुड्याला नाही!"

आजचं माझं बोलणं या तिथीबद्दल आहे. मी मुहूर्ताचं म्हणत नाही, पाण्याचं म्हणतोय.

अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड, तिथून आगरदांड्याला खाडी ओलांडून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. सगळा रस्ता शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. घाटावरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. तो नकाशा उघडतो, ठिकाणांवर खुणा करतो, किलोमीटरची बेरीज करतो आणि दोन दिवसांत बारा थांबे बसवतो. हिशेब चोख असतो. फक्त त्यात समुद्र धरलेला नसतो.

समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे आपण शाळेत शिकलो. पण रायगडच्या किनाऱ्यावर हे चढणं-उतरणं नावापुरतं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला, म्हणजे उधाणाला, मोठी भरती आणि मोठी ओहोटी यांच्यात चार मीटरच्या वर फरक पडतो. चार मीटर म्हणजे एका मजल्याहून जास्त. अष्टमीच्या आसपास हाच फरक निम्म्याच्याही खाली येतो. त्याला आमच्याकडे भांगाची भरती म्हणतात. म्हणजे एकाच पुळणीवर आज पाणी अर्धा किलोमीटर आत गेलेलं दिसेल आणि आठवड्यानं ते तिथेच घुटमळताना दिसेल.

आता भरतीची वेळ कशी काढायची? कोकणात लहान पोरालाही येणारा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा. तिथीला तीनानं गुणा आणि चारानं भागा. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आणि भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी.

यामागे चंद्र आहे. तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. त्यामुळे पक्ष सरत येतो तसा हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागे पडतो. बेत आखायला तो पुरतो, पाण्यात उतरायला पुरत नाही. त्यासाठी वर्तमानपत्रात छापून येणारी मुंबईच्या भरती-ओहोटीची वेळ पाहावी. आपल्या या पट्ट्यात ती फारशी बदलत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा शनिवारी तृतीया आहे. तीन त्रिक नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोनला भरती. म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे पाणी चांगलं खाली जाणार. तेव्हा पहिला थांबा आपोआप ठरला: अलिबागचा कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षांत बांधकामाला लागलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला पायी जाण्याजोगा. मोठमोठे दगड एकावर एक रचलेत, आत गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी आहे. माझा नियम असा: ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात पुळणीवर परत यायचं. म्हणजे साडेसातला निघून साडेनऊला परत. त्यासाठी शुक्रवारी रात्रीच अलिबागला मुक्कामाला यावं हे बरं.

"थोडं अजून पाहू, फोटो काढू" म्हणत आत रेंगाळलं की पाणी परतीच्या वाटेवर येतं. ते समोरून लाटेसारखं येत नाही. आजूबाजूच्या सखल जागांतून, बाजूनं, गुपचूप भरतं. घोट्याइतकं आहे म्हणेपर्यंत गुडघ्याला लागतं. घोडागाडीवाले परत फिरा म्हणतात तेव्हा ते भाड्यासाठी बोलत नसतात, एवढं ध्यानात ठेवावं.

मधले काही तास आता मोकळे आहेत आणि या रस्त्यावर पाण्याशी न बांधलेले थांबेही आहेत. अक्षीला शिलाहारांच्या काळातला मराठी शिलालेख आहे. त्यावरचा शक ९३४ वाचला गेलाय, म्हणजे इसवी सन १०१२. पुढे चौल, एके काळचं मोठं बंदर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच उतरला होता. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटाची तटबंदी आणि कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात ख्रिस्ती वस्तीतले लोक आजही पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ही सगळी ठिकाणं कोणत्याही तिथीला आपली वाट पाहतात. म्हणून ती यादीत सगळ्यात शेवटी लिहायची आणि पाण्याच्या थांब्यांमधल्या फटीत बसवायची. त्यातलंही एकच निवडावं. दिवसाला तीन थांबे खूप झाले.

शनिवारचा तिसरा थांबा जंजिरा. राजपुरीहून होडीनं जायचं. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना, पोर्तुगीजांना, इंग्रजांना कुणालाच जिंकता आला नाही आणि १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं तेव्हाच तो आपला झाला. होडी किल्ल्याच्या दाराशी जाते तेव्हा तो का पडला नाही ते कळतं. अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसतच नाही. तीनच्या आत राजपुरीला पोचलात तर घाई न करता पाहून होईल. पावसाळ्यात या होड्या बंद असतात. तेव्हा जाऊन किनाऱ्यावरून किल्ल्याकडे बघत बसण्यापेक्षा तो थांबा यादीतून काढावा.

तिथून आगरदांडा आणि मग खाडी. गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे दिघीला उतरवायची. नाहीतर खाडीला वळसा घालून म्हसळ्याकडून लांबचा रस्ता. शेवटची फेरी किती वाजता सुटते ते सकाळीच विचारून ठेवावं. संध्याकाळी धक्क्यावर पोचून विचारण्यात अर्थ नाही. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं बोलणं आमच्या तरुणपणापासून चाललंय. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते, १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला, तेव्हापासूनचं हे स्वप्न. या खाडीवरचा पूल त्याच योजनेत आहे. पूल झाले की खाड्या सोप्या होतील. भरतीची वेळ मात्र कोणताही पूल बदलणार नाही.

मुक्काम दिवेआगरला. आणि इथे एक विनंती. रात्र गावातल्या घरगुती सोयीतच काढा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव दूरदूर आहे, पण नवी पोफळ लावली की धरायला काही वर्षं जातात. तोवर अनेक घरांना पाहुण्यांचाच आधार. नुसती गाडी थांबवून वाडीचा फोटो काढला, तर तो थांबा तुमचा झाला, गावाचा नाही.

आता रविवार, चतुर्थी. भरती तीनला, म्हणजे ओहोटी सव्वानऊच्या सुमारास. वाटेत आधी श्रीवर्धन लागतं, मग हरिहरेश्वर. नकाशा पाहणारा माणूस आधी श्रीवर्धनला थांबेल. आपण थांबायचं नाही. सातला दिवेआगर सोडायचं आणि आरावी-शेखाडीच्या रस्त्यानं सरळ हरिहरेश्वर गाठायचं. हा रस्ता इतका पाण्यालगत आहे की गाडी चालवणाऱ्यानं समुद्राकडे बघू नये. बघायचं असेल तर गाडी बाजूला घ्यावी.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा देवळाच्या आवारात संपत नाही. ती डोंगराला वळसा घालून, कातळातल्या पायऱ्यांनी खाली उतरून, समुद्राच्या काठाकाठानं परत येते. लाटांनी कोरलेला तो कातळ बघायला लोक लांबून येतात. पण ही वाट ओहोटीचीच आहे. पाणी चढलं की लाटा थेट वाटेवर येतात, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. इथे लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या दुर्दैवी घटना घडलेल्या आहेत. म्हणून साडेआठ ते साडेनऊ प्रदक्षिणा, मग दर्शन, आणि मग निवांत मागे फिरून श्रीवर्धनला जेवण. पेशवे बाळाजी विश्वनाथांचं हे गाव भरल्या पोटी पाहावं.

आता हाच बेत पुढच्या शनिवारी करून पाहा. दशमी आली. भरती साडेसातला, ओहोटी पावणेदोनला. कुलाब्याला भर उन्हात जावं लागेल, आणि भांग असल्यामुळे वाटेवरचं पाणी पुरतं हटेलच असं नाही. तो थांबा गाळावा आणि सकाळ चौल-रेवदंड्याला द्यावी. रविवारी एकादशी, ओहोटी अडीचला. म्हणजे आधी श्रीवर्धन आणि दुपारी हरिहरेश्वर. रस्ता तोच, गाडी तीच, माणसं तीच. क्रम उलटा.

एक गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. काशीद, मुरूड, दिवेआगर या पुळणी दिसायला शांत आहेत. पांढरी वाळू, सुरूची झाडं, उथळ वाटणारं पाणी. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. तेव्हा ना पाऊस होता, ना वादळ. हिवाळ्यातली दुपार होती. पाणी उतरू लागलं की पायाखालची वाळू ओढत नेतं. पोहता येणाऱ्यालाही ते ओढतं. आमच्या घरी पाहुण्यांसाठी नियम आहे: पाणी चढत असेल तर गुडघ्यापर्यंत, उतरत असेल तर काठावर बसून भेळ. पाहुणे हसतात. हसू देत. पाणी चढतंय की उतरतंय हे कळत नसेल तर वाळूत एक काठी रोवा आणि दहा मिनिटं बघा. तेही नको असेल तर जाळी सांधत बसलेल्या कोळीदादांना विचारा. ते घड्याळ न बघता सांगतील.

म्हणून श्रोतेहो, किनाऱ्यावर निघताना दोन कागद घ्या. एकावर तुम्हाला आवडणारी ठिकाणं लिहा, कितीही लिहा. दुसऱ्यावर त्या दोन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहा. ज्या ठिकाणांना पाणी लागतं किंवा पाणी चालत नाही, ती आधी त्या वेळांवर बसवा. उरलेल्या फटीत एखाद-दुसरं ठिकाण घाला. बाकीची खोडा. खोडलेली ठिकाणं कुठे जात नाहीत. पंधरा दिवसांनी तीच तिथी पुन्हा येते.