बँकनियमन आणि शासकीय विधिज्ञ



बँकेच्या व्यवहारात दोन पक्ष सर्वांना दिसतात : बँक आणि तिचा कर्जदार. तिसरा पक्ष संख्येने सर्वांत मोठा, पण बहुधा अबोल असतो. तो म्हणजे ठेवीदार. निवृत्त शिक्षक, शेतकरी, छोटा दुकानदार यांचा पैसा बँकेत असतो. परंतु बँकेविषयीच्या वादात न्यायालयासमोर उभे राहण्याचे बळ त्यांच्यापाशी क्वचितच असते. बँकनियमनाच्या कामातील ज्येष्ठ शासकीय विधिज्ञ कागदोपत्री शासनाची अथवा नियामक संस्थेची बाजू मांडतो. वस्तुतः त्याच्या प्रत्येक फाइलीमागे हा अबोल ठेवीदार उभा असतो.

या कामातील मूळ पेच १९६० साली स्पष्ट झाला. त्या वर्षी केरळातील पालई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या. पालई बँकेचे अवसायन व्हावे, असा अर्ज रिझर्व्ह बँकेने केरळ उच्च न्यायालयात केला. बँक चालू राहणे ठेवीदारांच्या हिताला बाधक आहे, असे रिझर्व्ह बँकेचे मत झाल्यास न्यायालयाने अवसायनाचा आदेश द्यावा, अशी तरतूद १९४९ च्या बँकिंग कंपनी अधिनियमात होती. या तरतुदीला आव्हान मिळाले. न्यायालयाने स्वतः चौकशी न करता एका संस्थेच्या मतावरून बँक बंद करावी काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने बहुमताने ती तरतूद वैध ठरविली.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना वजन होते. म्हणणे ऐकून घेतल्यावाचून कोणाचेही नुकसान करू नये, हा न्यायाचा पाया आहे. उलटपक्षी, बँक बुडत असल्याची जाहीर चौकशी सुरू झाली की त्याच दिवशी ठेवीदारांची रांग लागते, आणि जो आधी पोहोचतो त्याला पैसे मिळून मागचा रिकाम्या हाताने परततो. त्वरा आणि न्याय यांचा मेळ घालणे, हेच या विधिज्ञाचे खरे काम होय.

त्या वर्षीच्या अनुभवातूनच ठेव विम्याचा कायदा १९६१ मध्ये झाला. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीस संरक्षण मिळाले. ही मर्यादा १९९३ मध्ये १ लाख रुपये झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये करण्यात आली. बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी सुधारणा २०२१ मध्ये झाली.

उद्देश कितीही लोकहिताचा असला, तरी कायद्याची बांधणी कच्ची असेल तर तो न्यायालयात टिकत नाही. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. महान्यायवादी निरेन डे यांनी सर्वोच्च न्यायालयात शासनाची बाजू मांडली, तर याचिकाकर्ते रुस्तुम कूपर यांच्या वतीने नानी पालखीवाला उभे राहिले. १० फेब्रुवारी १९७० रोजी न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरविला. नुकसानभरपाई ठरविण्याची पद्धत आणि नेमक्या याच बँकांना बँकव्यवसायाची केलेली मनाई, हे दोन दोष त्यात आढळले. अवघ्या चार दिवसांत, म्हणजे १४ फेब्रुवारीस, नवा वटहुकूम निघाला आणि राष्ट्रीयीकरण कायम राहिले. पराभवाचा निकाल शांतपणे वाचून त्यातील दोष दूर करणे, हाही शासकीय विधिज्ञाच्या कर्तव्याचा भाग होय.

अलीकडील दोन निर्णय तितकेच बोधप्रद आहेत. मोठ्या थकीत कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने १२ फेब्रुवारी २०१८ रोजी काढलेले परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी रद्द केले. दिवाळखोरीच्या कार्यवाहीचे निर्देश विशिष्ट थकबाकीबाबत आणि केंद्र शासनाच्या प्राधिकारानेच देता येतात, सरसकट नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. २७ मार्च २०२३ रोजी दुसरा निर्णय आला. कर्जदाराचे खाते फसवणुकीचे म्हणून घोषित करण्यापूर्वी त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा दंडक त्याने घातला. त्यानुसार २०२४ च्या सुधारित निर्देशांत उत्तरासाठी किमान २१ दिवसांची मुदत देण्यात आली.

या सर्वांतून विधिज्ञाने आदेश निघण्यापूर्वीच विचारावयाचे तीन प्रश्न निष्पन्न होतात. हा अधिकार कायद्याच्या कोणत्या कलमाने दिला आहे? निर्णयाची कारणे त्याच दिवशी फाइलीत नोंदविली आहेत काय? ज्याच्यावर परिणाम होणार, त्याचे म्हणणे आधी ऐकता येते काय, आणि येत नसेल तर का? या प्रश्नांची उत्तरे नसलेला आदेश वरिष्ठांना कितीही निकडीचा वाटो, तो परत पाठविण्याचे धैर्य विधिज्ञापाशी असले पाहिजे. ‘होय’ म्हणणारा सल्लागार सोयीचा असतो. परंतु सदोष आदेश न्यायालयात कोसळला की त्याची किंमत ठेवीदार मोजतो.

ग्रामीण महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध निकटचा आहे. १ मार्च १९६६ पासून बँकनियमनाचा कायदा सहकारी बँकांना लागू झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार आणखी वाढले. मात्र गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या आणि पतसंस्था या कायद्याच्या अर्थाने बँका नव्हेत. त्यांतील ठेवींना वर सांगितलेल्या विम्याचे संरक्षण नाही. पाटीवरील ‘सहकारी’ हा शब्द वाचून अनेकजण सर्व संस्था सारख्याच सुरक्षित समजतात. हा भेद ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी व शाळेत शिक्षकांनी समजावून सांगितला, तर कित्येक कुटुंबांची पुंजी वाचेल.

न्यायालयातील युक्तिवाद ठेवीदाराच्या कानी पडत नाही, विधिज्ञाचे नावही त्याला ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ते एवढेच की, मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी ठेवलेला पैसा मागितल्या दिवशी हाती पडला पाहिजे. तो तसा पडावा, यासाठीच कायद्याची ही सारी खटपट आहे.