बाके वाजली, कापसाचे काय?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



अंदाजपत्रक मांडले की त्याच संध्याकाळी सत्ताधारी पक्षाचा प्रत्येक पुढारी सांगतो की शेतकऱ्याला न्याय मिळाला. कागद पुरता वाचायच्या आधीच! १ फेब्रुवारी २०२५ ला निर्मला सीतारामन यांनी अंदाजपत्रक मांडले तेव्हाही तेच झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही त्याचे स्वागत केले. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून शहरातला नोकरदार खूष झाला. त्याचा आम्हाला राग नाही. कोणाचा कर कमी होत असेल तर होऊ द्या.

आणि हे एकाच पक्षाचे नाही. २९ फेब्रुवारी २००८ ला चिदंबरम यांनी साठ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा बाके वाजवणारे दुसरे होते. पूर्ण माफीला दोन हेक्टरांची अट होती. बागायती चार एकरवाला आत, कोरडवाहू आठ एकरवाला बाहेर. त्याच्या हाती पंचवीस टक्क्यांची सूट, तीही आधी बाकीचे पैसे भरले तर. आठ एकर कोरडवाहूत काय पिकते ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

खासदार पाठिंबा देतो कारण त्याला दुसरी वाटच नाही. पक्षाचा व्हिप निघतो. तो मोडून मत दिले तर १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्याने खासदारकी जाऊ शकते. बऱ्याच खात्यांच्या मागण्या तर चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात. म्हणून त्याने हात वर केला याबद्दल आपण भांडत नाही. हात वर करण्याआधी त्याने आपल्यासाठी काय मागितले, ते विचारायचे.

२०२५ च्या अंदाजपत्रकात आपल्यासाठी काय होते? किसान क्रेडिट कार्डावरच्या सवलतीच्या कर्जाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख करण्याची घोषणा. पण बँक कर्ज देते ते पिकाच्या एकरी ठरलेल्या दराने. पाच एकर ज्वारी-कापूसवाला त्या पाच लाखांपर्यंत पोचतो कुठे? आणि कर्ज वाढले म्हणजे उत्पन्न वाढले, असे कोणत्या वहीत लिहिले आहे?

दुसरे, कापूस उत्पादकतेचे पाच वर्षांचे मिशन, पहिल्या वर्षाला पाचशे कोटी. भर अतिलांब धाग्याच्या जातींवर. त्या जातींना पाणी लागते. आमच्या मुरमाड रानात पाऊस हेच पाणी. तरी मिशनला आमचा विरोध नाही, बियाणे चांगले मिळाले तर हवेच आहे.

पण खरी गोष्ट अंदाजपत्रकात नव्हतीच. कापसाच्या आयातीवर २०२१ पासून ११ टक्के शुल्क होते. अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर लावला, सूतगिरण्या-कापडवाले अडचणीत आले, आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून हे शुल्क एका अधिसूचनेने काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला वेचा घरात येण्याचा काळ.

हिशेब करून पाहा. समजा बाहेरची खंडी बंदरात पन्नास हजाराला पडते. शुल्क साडेपाच हजार. एका खंडीला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे क्विंटलमागे पाचशेच्या वर आधार गेला. त्याच हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ वरून ८,११० झाला, वाढ ५८९ रुपयांची. ज्याचा कापूस सीसीआयने घेतला त्याला ती मिळाली, तीही ओलावा आठ टक्क्यांच्या आत असला तर. बाराच्या वर गेला की गाडी परत. परत आलेली गाडी व्यापाऱ्याच्या दारात, आणि तिथे भाव बाहेरच्या खंडीचा.

कापडगिरणीचे दुखणे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण अमेरिकेचा कर गिरणीवर बसला आणि त्याची भरपाई कोरडवाहू रानातून झाली. या अधिसूचनेवर आपल्या खासदाराला कोणी आधी विचारले होते काय? त्यांनी नंतर तरी एक पत्र लिहिले काय?

हेच विचारायला प्रत्येक तालुक्यातून पाच जणांनी त्यांच्याकडे जायचे आहे. घोषणा द्यायच्या नाहीत, निवेदन साधे ठेवायचे: वेचणीच्या काळात आयात शुल्क काढण्याला त्यांचा पाठिंबा आहे की विरोध, एवढे लेखी मागायचे. उत्तर येईल ते, आणि आले नाही तर न आल्याची तारीख, पुढच्या बैठकीत वाचून दाखवू.